माहिती ‘पाठविली’ आणि माहिती ‘पोचली’

शाळाभेटीच्या वेळी बोदवड तालुक्यातील शिक्षक बंधुभगिनींकडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : “साहेब, माहिती सगळी भरली, पण जात नाही.” हे वाक्य उच्चारणारा शिक्षक कामचुकार नसतो. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून, कधी रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर उभे राहून, त्याने तास-दोन तास मोबाइलशी झुंज दिलेली असते. परंतु “जात नाही” या दोन शब्दांखाली पाच-सहा निरनिराळे दोष झाकले जातात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. अंगात कसर आहे एवढेच सांगितल्यास वैद्याला औषध ठरविता येत नाही. त्याला नाडी, जीभ, पोट पाहावे लागते. ही नाडीपरीक्षा शिक्षकाने स्वतः कशी करावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. संगणकशास्त्र शिकलेल्यांसाठी हा पाठ नाही. मीही ते शिकलेलो नाही. डी.एड. होऊन खडू हाती घेतला, पुढे या कामावर आलो, आणि या विषयातले जे काही समजले ते बहुतांशी चुका करून समजले.

पूर्वी सांख्यिकी तक्ता भरून पंचायत समितीत नेऊन द्यावयाचा, आणि कारकुनाने आपल्या प्रतीवर शिक्का मारून सही केली की काम संपले, अशी रीत होती. पुढे २०१२-१३ पासून यू-डायस, २०१५ पासून आपल्या राज्यात ‘सरल’, २०१८-१९ पासून यू-डायस प्लस अशा प्रणाली आल्या. आणि २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये शाळेच्या एकूण आकड्यांबरोबर एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. शिक्षकांची पदे ठरविणारी संचमान्यता, मोफत पाठ्यपुस्तकांची मागणी, अशा कितीतरी गोष्टी या नोंदींवर उभ्या आहेत. तक्ता गेला, कारकुनाची खिडकी गेली, त्याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या शिक्क्याची जागा आता कशाने घेतली, हे मात्र आपल्याला कोणी नीट समजावून दिले नाही. सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

या घोटाळ्याचे एक उदाहरण माझ्याच पदरचे आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींचा मुदतीच्या शेवटच्या रात्री मला फोन आला. इयत्ता पहिलीच्या १४ मुलांच्या नोंदी त्यांनी भरल्या होत्या, पाठविण्याचे बटण दाबले होते, पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि शेवटी ‘नेटवर्क एरर’ असे शब्द आले. मी फारसा विचार न करता म्हणालो, “पुन्हा पाठवा. जाईपर्यंत पाठवीत राहा.” त्यांनी आज्ञा पाळली. दोन दिवसांनी पाहतो तो १४ मुलांच्या ४२ नोंदी झालेल्या. म्हणजे पहिली खेपही पोचली होती, दुसरीही, तिसरीही. परत येणारे उत्तर तेवढे वाटेत हरवले होते. पुढे जादा नोंदी काढताना घाईघाईत ४ मुलांच्या तिन्ही नोंदी पुसल्या गेल्या. ही ४ मुले वीटभट्टीवर कामास आलेल्या कुटुंबांतील होती. गुरुजींनी भट्टीवर चार-चार खेपा घालून, आईबापांची समजूत घालून त्यांना शाळेत आणले होते. पुस्तके आली तेव्हा नेमके ४ संच कमी भरले. जून महिन्यात, सगळ्या वर्गाच्या हाती नवी पुस्तके असताना, ज्यांना शाळेत आणावयास सर्वांत अधिक कष्ट पडले तीच मुले रिकाम्या हातांनी बसली. दोष गुरुजींचा नव्हता. “पाठवीत राहा” हा सल्ला माझा होता.

रेल्वे स्टेशनवरचा धडा

बोदवड हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील स्टेशन. आपल्यापैकी अनेकांनी तेथे गाडीची वाट पाहत घंटेचे ठोके ऐकले असतील. लोहमार्गावर गाडी पुढे सोडण्याची तारयंत्राच्या काळापासून चालत आलेली एक शिस्त आहे, आणि आपला विषय समजण्यास तिच्याइतके सोपे उदाहरण दुसरे नाही. स्टेशन मास्तर प्रथम पुढच्या स्टेशनला विचारतो : मार्ग मोकळा आहे काय? पुढच्या स्टेशनने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी हलत नाही. गाडी सुटली म्हणजे काम संपत नाही. पुढचा मास्तर ती येताना पाहतो आणि विशेषेकरून शेवटच्या डब्याकडे नजर ठेवतो. दिवसा त्या डब्यावर ‘एलव्ही’ अक्षरांचा फलक असतो, रात्री तांबडा दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्येच तुटून काही डबे मागे राहिले नाहीत, अशी खात्री होते. त्यानंतरच तो मागच्या स्टेशनला गाडी पोचल्याचा संदेश देतो, आणि तो संदेश मिळाल्यावरच मागच्या मास्तरला दुसऱ्या गाडीसाठी मार्ग मागता येतो.

आपला मोबाइल वा संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यामध्ये नेमके हेच चालते. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९७४ साली या पद्धतीची मांडणी प्रसिद्ध केली. १९८१ साली तिचे नियम ठरले आणि २०२२ साली ते सुधारून पुन्हा एकत्र प्रसिद्ध झाले. प्रथम ‘बोलू का?’, ‘बोला’, ‘बोलतो’ अशी तीन शब्दांची देवघेव होते. मग मजकुराचे सुमारे दीड हजार बाइटांचे तुकडे करून, त्यांना क्रम देऊन ते सोडले जातात. समोरचा प्रत्येक वेळी ‘इथपर्यंत मिळाले, पुढचे पाठवा’ असे कळवितो. जे हरवले ते पुन्हा पाठविले जाते. हे सारे आपल्याला न विचारता घडते, त्यामुळे थोड्याफार खराब रेंजमध्येही काम निभते. तोटा पुरेनासा झाला की मग पडद्यावर एरर येते.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण बटण दाबताच मोबाइल मजकूर प्रथम आपल्याच पोटातील एका पेटीत घेतो. गावच्या लाल टपालपेटीत पत्र टाकण्यासारखे हे आहे. पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला, यावरून ते मुंबईस पोचले असे कोणी मानीत नाही. तथापि कित्येक ॲप ‘जतन झाले’ असे लिहितात ते याच अर्थाने. नोंद अजून आपल्या मोबाइलमध्येच असते आणि ‘सिंक’ केल्यावाचून पुढे जात नाही. पोच कोणती मानावी? सर्व्हरकडून आलेला नोंद-क्रमांक, किंवा साइट नव्याने उघडून यादीत आपल्या डोळ्यांनी पाहिलेले नाव. पूर्वीच्या शिक्क्याची जागा यांनी घेतली आहे. बाकी सर्व पेटीचा आवाज.

तीन प्रकारची उत्तरे

पाठविल्यानंतर तीनच गोष्टी संभवतात. पोच येते, स्पष्ट नकार येतो, अथवा काहीच येत नाही. पहिल्याबद्दल बोलावयास नको. दुसऱ्याला भिण्याचे कारण नाही, कारण नकार देणारा तेथे हजर आहे आणि बहुधा कारणही सांगतो आहे. खरी फसवणूक तिसऱ्यात असते. शेजारच्या गावच्या शाळेत आपण एका मुलाबरोबर चिठ्ठी पाठविली आणि मूल परत आलेच नाही. चिठ्ठी देण्यापूर्वी ते वाटेत खेळत बसले, की चिठ्ठी देऊन परतताना बसले? येथे बसून हे कळावयास मार्ग नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्या मुलाबरोबर तीच चिठ्ठी पाठविल्यास समोरचे गुरुजी एकच मागणी दोनदा पुरी करतील.

‘टाइमआउट’ म्हणजे ठराविक वेळ थांबूनही उत्तर आले नाही. ‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे बोलणे चालू असता समोरच्याने किंवा मधल्या एखाद्या यंत्राने फोन आपटला. ‘ब्रोकन पाइप’ म्हणजे ज्या नळीत आपण पाणी ओतीत आहोत तिचे पलीकडचे तोंड आधीच बंद झाले आहे. ‘राइट एरर’, ‘नेटवर्क एरर’ ही यांतील कशालाही दिलेली ढोबळ नावे आहेत. हे सर्व शब्द तिसऱ्या प्रकारचे समजावेत. यांपैकी कोणताही शब्द दिसल्यास पुन्हा बटण दाबू नये. साइट उघडून आधी यादी पाहावी. १४ पैकी किती नावे चढली ते मोजावे. शेवटचा डबा आला आहे काय, ते पाहावे. राहिली असतील तेवढीच नावे पुन्हा पाठवावीत.

येथे कोणी विचारील की, हरवलेला तुकडा पुन्हा पाठविताना दुहेरी होत नाही असे तुम्हीच सांगितले, मग आमच्या नोंदी दुहेरी कशा झाल्या? शंका रास्त आहे. एकाच खेपेतील तुकड्यांना क्रमांक असतात, म्हणून दुसऱ्यांदा आलेला तुकडा ओळखून टाकून देता येतो. आपण पुन्हा बटण दाबतो तेव्हा मात्र ती सर्व्हरच्या दृष्टीने नवीच गाडी असते. तिच्यातील मूल तेच आहे हे त्याला तेव्हाच कळेल, जेव्हा त्या मुलाला स्वतःचा एक क्रमांक असेल. म्हणून विद्यार्थ्याचा ओळख-क्रमांक आधीच मिळालेला असल्यास तो भरण्याचा कंटाळा करू नये, आणि नाव सापडले नाही म्हणून नवे खाते काढण्याची घाई कदापि करू नये. भट्टीवरची, ऊसतोडीची, सरकी-कापसाच्या हंगामात गावोगाव फिरणारी मुले एकाच वर्षात दोन-दोन ठिकाणी नोंदली जातात ती अशीच.

दोष कोठे आहे?

दोष शोधताना आपल्या हातापासून आरंभ करून दूर जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. मोबाइल बदलला, सिमकार्ड बदलले, जागाही बदलली आणि माहिती गेली, तर कशाने गेली हे कळत नाही. उद्या तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रथम साधन पाहावे. मोबाइलमधील जागा भरली असेल तर फोटो काढता येतो असे वाटते, पण जोडताना काम अडते. शाळेच्या जुन्या संगणकात बटणाच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित साइटच्या ओळखपत्राची मुदत आपला संगणक त्या घड्याळावरून तपासून घेतो, आणि तारीख चुकीची असल्यास जोडणी नाकारली जाते. अशा वेळी लोक नेटला दोष देत दिवस घालवितात. तारीख-वेळ प्रथम पाहण्याची सवय लावावी. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

त्यानंतर रेंज. “साहेब, साइट तर उघडते, मग माहिती का जात नाही?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो फार चांगला प्रश्न आहे. टॉवरचे प्रक्षेपण वीस वॅट वा त्याहून अधिक शक्तीचे असते. आपला मोबाइल मात्र जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅटने बोलतो. पोळ्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याचे आपल्याला शिवारात ऐकू येते, पण शिवारातून आपण दिलेली हाक त्याला ऐकू जात नाही, तसा हा प्रकार. म्हणून पडद्यावरील रेंजच्या काड्या पाहून निर्धास्त होऊ नये. त्या आपल्याला काय ऐकू येते एवढेच सांगतात. दाराखिडकीशी, गच्चीवर, टॉवरच्या बाजूस तोंड करून उभे राहिल्यास जो फरक पडतो तो पाठविण्यातच अधिक पडतो. पत्र्याच्या छताखाली बसून पाठविण्याचा हट्ट धरू नये.

डेटा पॅकचाही हिशेब पाहावा. दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यावर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. नेट बंद होत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. चौथीच्या मुलांनाही सोडविता येईल असे एक उदाहरण घेऊ. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो ४ एमबीचा आहे. एका बाइटात ८ बिट, म्हणून तो सुमारे ३२,००० किलोबिट झाला. दर सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने त्यास ३२,००० ÷ ६४ = ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटांहून अधिक वेळ लागेल, तोही वाटेत एकही तुकडा हरवला नाही तर. त्या एका फोटोचे सुमारे २,७०० तुकडे होतात. साइट एवढा वेळ थांबत नाही. तोच फोटो लहान करून १०० केबीवर आणल्यास १३ सेकंदांत जातो. शाळेच्या फलकाचा फोटो वाचता येण्यापुरता स्पष्ट असला म्हणजे पुरे. तो लग्नपत्रिकेवर छापावयाचा नाही.

यापुढचा टप्पा वाटेचा. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली केबल रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली, वीज गेल्याने राउटर बंद पडला, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, असे दोष आपल्या हातचे नाहीत. पण ओळखणे आपल्या हातचे आहे. दुसरी एखादी साइट उघडून पाहावी. ती उघडत नसेल तर वाट बंद आहे. ती उघडते आणि आपलीच साइट अडते, तर शेजारच्या केंद्रातील, शक्यतो दुसऱ्या कंपनीचे सिम वापरणाऱ्या शिक्षकाला फोन करून विचारावे. त्याच्याकडूनही जात नसेल तर दोष बहुधा सर्व्हरकडे आहे आणि आपण जेवून घ्यावे. त्याच्याकडून जात असेल तर आपल्याकडे परत यावे. हा एक फोन पुष्कळ जागरणे वाचवितो.

याच टप्प्यावर आणखी एक कारण नेहमी आढळते. काही शिक्षक साइटवर प्रवेश करून मग रजिस्टरे उघडतात, एकेक जन्मतारीख शोधतात, मध्येच कोणी पालक येतो, आणि पाऊण तासाने बटण दाबतात. एवढा वेळ काही हालचाल नसलेली जोडणी मधली यंत्रे गुपचूप बंद करतात. साइटही प्रवेश रद्द करते. आपल्या पडद्यावर मात्र सर्व पूर्ववत दिसते. बटण दाबल्यावर एरर येते आणि भरलेला मजकूर नाहीसा होतो. ट्रंक कॉल लागल्यावर काय बोलावयाचे याचा विचार करीत बसणाऱ्याची तीन मिनिटे अशीच निघून जात. माहिती आधी वहीत वा संगणकातील तक्त्यात पूर्ण करावी, दोघांनी मिळून वाचून ताडून पाहावी, आणि मगच प्रवेश करावा.

सर्व्हर जेव्हा उत्तर देतो तेव्हा पुष्कळदा तीन अंकी क्रमांक दिसतो. तो पाठ करण्याची गरज नाही. पण पहिला अंक पाहावा. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘तुमच्या पाठविण्यात काही चुकले आहे’. ४०१ असेल तर पुन्हा प्रवेश करावा. ४०३ असेल तर त्या कामाचा अधिकार आपल्या खात्यास नाही. ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. ४२९ म्हणजे फार वेळा आणि फार घाईने विचारलेत. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘आमच्याकडे अडचण आहे’. ५०३ मध्ये सर्व्हर काम घेण्याच्या स्थितीत नाही, बहुधा गर्दीमुळे. ५०४ विषयी मात्र सावध असावे. त्याचा अर्थ दारावरच्या शिपायाला आतून वेळेत उत्तर मिळाले नाही एवढाच. आतल्या साहेबांनी आपला कागद घेतला की नाही हे शिपायाला ठाऊक नसते. ५०० व ५०२ यांचेही बहुधा तसेच. यांना नकार न समजता तिसऱ्या प्रकारात टाकावे व यादी पाहावी.

गर्दीच्या वेळी प्रत्येक जण बटण दाबीत राहिला तर दर दाबण्याबरोबर रांगेत एक नवा माणूस उभा राहतो आणि रांग आणखी वाढते. यादी पाहून नोंद नाही अशी खात्री झाल्यावर २ मिनिटे थांबावे, मग ४, मग ८. तरीही न जमल्यास पहाटे पाहावे. मुदतीचा शेवटचा दिवस हा सबंध राज्याचा शेवटचा दिवस असतो, हे आपण सारेच जाणतो आणि सारेच विसरतो. मीही त्यास अपवाद नाही.

मजकुरातील दोष

साधन चांगले, वाट मोकळी, सर्व्हर जागा, आणि तरीही पूर्ण यादी नाकारली जाते, अशा वेळी एखाद्या ओळीत खोट असते. ६४ मुलांच्या यादीतून ती कशी शोधावी? एकेक ओळ पाठवून पाहिल्यास ६४ खेपा होतील. यादीचे दोन भाग करून ३२ पाठवावीत. गेली, तर खोट उरलेल्या ३२ मध्ये. न गेली, तर याच ३२ मध्ये. पुढे १६, ८, ४, २ आणि १. सहा खेपांत खोटी ओळ हाती लागते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मुलांना हीच युक्ती शिकवितो. मात्र जो भाग गेला तो गेला. त्यावर खूण करावी, तो पुन्हा पाठवू नये.

खोट बहुधा क्षुल्लक असते. ३१ जून अशी जन्मतारीख. इंग्रजी अंकांच्या जागी देवनागरी अंक. नावाच्या शेवटी राहिलेली कोरी जागा. लांब नावांची एक अडचण फारशी कोणास ठाऊक नसते. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, पण आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. रकान्याची मर्यादा बाइटांत असेल तर मुलाचे, वडिलांचे व आडनाव मिळून ती सहज ओलांडली जाते.

याहून वाईट दोष तो की ज्यात एरर येतच नाही. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेली यादी आपल्या संगणकावर सुंदर मराठीत दिसते. वस्तुतः ती इंग्रजी अक्षरे असून त्यांना मराठीचा मुखवटा चढविलेला असतो. तो टंक सर्व्हरकडे नसल्यामुळे तेथे निरर्थक अक्षरे उतरतात. गाडी पोचली, शेवटचा डबा पोचला, पण आत धान्याऐवजी भुसा. यास्तव पाठविल्यानंतर यादीतील दोन-तीन नावे उघडून वाचून पाहावीत. मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि जुनी यादी रूपांतरित केली असल्यास जोडाक्षरे व रफार विशेष तपासावेत.

वर्गात घ्यावयाचा प्रयोग

हा विषय इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांना अर्ध्या तासात दाखविता येतो, आणि माझा अनुभव असा की तो घेतल्यावर शिक्षकालाही अधिक स्पष्ट होतो. एका मुलास पाठविणारा, एकास घेणारा करावे, मध्ये तिघांना वाट म्हणून उभे करावे. १ ते १० क्रमांकाच्या चिठ्ठ्यांवर एका वाक्याचे दहा शब्द लिहावेत. मधल्या मुलास गुपचूप सांगावे की, ४ क्रमांकाची चिठ्ठी खिशात घाल. घेणारा ‘३ पर्यंत मिळाल्या, ४ हवी’ अशी चिठ्ठी परत पाठवील आणि तेवढीच चिठ्ठी पुन्हा येईल. दुसऱ्या खेपेस मूळ चिठ्ठीऐवजी परत जाणारी पोच लपवावी. पाठविणारा गोंधळून तीच चिठ्ठी पुन्हा पाठवील. घेणारा क्रमांक पाहून ती बाजूस ठेवील. तिसऱ्या खेपेस चिठ्ठ्यांवर क्रमांकच घालू नयेत. घेणाऱ्याने जोडलेले वाक्य मोठ्याने वाचावयास सांगावे. वर्ग हसून लोळतो. एका शाळेत ‘आई आई भाकर भाकर भाकर देते’ असे वाक्य तयार झाले होते.

जावक नोंद

आपल्या शाळांत आवक-जावक नोंदवही आहेच. तिच्यातच ऑनलाइन माहितीची जावक नोंद घालावी. नवे रजिस्टर काढून कामाचा बोजा वाढवू नये. दिनांक व वेळ, कोणती माहिती, किती नोंदी पाठविल्या, पडद्यावर काय आले ते शब्दशः, यादीत प्रत्यक्ष किती आढळल्या, आणि पोच क्रमांक, एवढे पुरे. वरिष्ठांस कळवितानाही हेच कळवावे. “साइट चालत नाही” एवढ्या कळविण्याने गटसाधन केंद्रातील माणसास काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : “सायंकाळी ६.१० वाजता १२ नोंदी पाठविल्या. टाइमआउट असे आले. यादीत ९ आढळल्या. दुसरी साइट उघडत होती. शेजारच्या शाळेतूनही त्याच वेळी जात नव्हते.” हे वाचणाऱ्यास दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे बसल्या जागी कळते, आणि मुदत उलटल्यावर शिक्षकाच्या बाजूने बोलावयास हाती कागदही राहतो. कागद नसेल तर आम्हा अधिकाऱ्यांनाही तुमची बाजू घेणे कठीण पडते, हे स्पष्टपणे सांगतो.

ज्या द्विशिक्षकी शाळेची हकीकत प्रारंभी सांगितली, तेथे गेल्या हंगामात मी पुन्हा गेलो होतो. गुरुजींनी न विचारता जावक वही पुढे ठेवली. भट्टीवरच्या मुलांच्या नावांपुढे त्यांनी तांबड्या शाईने लहान रेघ ओढली होती. कारण विचारता म्हणाले, “साहेब, ही नावे मी दोनदा पाहतो. एकदा पाठविल्यावर आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी.” त्या चौघांपैकी तीन मुले आता त्या गावात नाहीत, त्यांची नोंद नव्या शाळेकडे गेल्याचा क्रमांक मात्र वहीत होता.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या जावक नोंदीचे एक पान व पडद्यावर आलेल्या एररचे शब्द जसेच्या तसे लिहून आणावेत. नवीन प्रकारची एरर आढळल्यास ती केंद्रप्रमुखांमार्फत कळवावी. तिचा विचार परिषदेत सर्वांसमक्ष करता येईल.